संवेदनवाद आणि सनसनाटी बातमी : नाव एक, पण नातं काय?

पानफूल :

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला 'माध्यमे आणि समाज' हा पेपर आहे. त्यात 'सेन्सेशनलिझम' या विषयावर बाराशे शब्दांचं टिपण द्यायचंय. वाचायला घेतलं आणि गोंधळच वाढला. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात या नावाखाली 'सगळं ज्ञान इंद्रियसंवेदनांतून येतं' असा सिद्धांत आहे, त्याला मराठीत संवेदनवाद म्हटलंय. वृत्तपत्रविद्येच्या पुस्तकात त्याच नावाखाली भडक, सनसनाटी बातमीदारी.

विचारायचंय ते असं. या दोघांत काही खरा संबंध आहे, की नुसतं नाव सारखं? चार्वाकांना संवेदनवादी म्हणावं का? गाइडमध्ये 'सनसनाटी म्हणजे खोटी किंवा अतिरंजित बातमी' अशी व्याख्या दिलीय, ती पुरेशी आहे का? आणि समोर बातमी असेल तर ती सनसनाटी आहे हे 'मला वाटतं' यापलीकडे जाऊन कसं दाखवायचं? शेवटच्या प्रश्नावर जास्त मदत हवी आहे, कारण टिपणात एका बातमीचं विश्लेषण सक्तीचं आहे.


तर्कपथिक :

तत्त्वज्ञानाची बाजू मांडतो. माध्यमांवर इथले जाणकार लिहितीलच.

संवेदनवाद सगळ्यात स्वच्छ दिसतो तो फ्रान्सच्या काँदियाक यांच्या १७५४ सालच्या 'संवेदनांवरील प्रबंधा'त. त्यांच्या मागे जॉन लॉक उभे आहेत. लॉक यांच्या मते मन जन्मतः कोरं असतं आणि त्यात कल्पना दोन वाटांनी येतात. बाहेरून येते ती संवेदना, आणि मन स्वतःच्याच व्यापारांकडे पाहतं ते चिंतन. काँदियाक म्हणतात, दुसरी वाट वेगळी मानायची गरज नाही. लक्ष, स्मृती, तुलना, निर्णय, इच्छा ही सगळी संवेदनेचीच पालटलेली रूपं आहेत. म्हणून लॉक अनुभववादी आणि काँदियाक संवेदनवादी. उत्तरपत्रिकांत हे दोघे एकाच वाक्यात कोंबले जातात आणि तिथे हमखास गुण जातात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे संवेदनवादाला सुखवाद समजणं. सुखवाद काय करावं याबद्दल बोलतो, संवेदनवाद ज्ञान आणि मन कसं घडतं याबद्दल.

काँदियाक यांचा पुतळ्याचा प्रयोग नीट समजून घ्या, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. एक संगमरवरी पुतळा कल्पा. आतली रचना माणसाची, मनही आहे, पण मनात एकसुद्धा कल्पना नाही आणि सगळी इंद्रियं बंद. काँदियाक आधी फक्त नाक उघडतात. हे मुद्दाम आहे, कारण ज्ञानात ज्याचा वाटा सगळ्यात कमी वाटतो अशा इंद्रियातूनही मन उभं राहतं हे त्यांना दाखवायचं आहे. पुतळ्यापुढे गुलाब धरला. आपल्या लेखी पुतळा गुलाब हुंगतो आहे. पुतळ्याच्या लेखी मात्र तो स्वतःच गुलाबाचा वास आहे, कारण 'मी' आणि 'ते' हा भेद अजून झालेलाच नाही. त्या एका वासाने त्याची सगळी क्षमता भरून गेली, हे लक्ष. गुलाब काढला तरी ठसा उरला, ही स्मृती. आता मोगरा धरला. एक वास समोर आहे, एक आठवणीत आहे, आणि दोन्हींकडे एकदम ध्यान गेलं, ही तुलना. दोन्ही वेगळे आहेत हे जाणवलं, हा निर्णय. (मोगरा माझा, काँदियाक यांचा नव्हे.) बाहेर जग आहे हे त्याला फार पुढे, स्पर्श मिळाल्यावर कळतं. हात स्वतःच्या छातीला लागला की संवेदना दोन्ही टोकांना होते, दगडाला लागला की एकाच टोकाला.

आता पाहा, निर्णय सुरू होतो तो दुसऱ्या संवेदनेपासून. एकच वास नाकाशी धरून ठेवला तर पुतळा जन्मभर तो वासच राहील. सनसनाटी बातमी वाचकाला त्या पहिल्या पायरीवर अडकवून ठेवते. लक्ष पूर्ण व्यापून टाकते आणि तुलनेसाठी लागणारी दुसरी गोष्ट, म्हणजे मागचा आकडा, दुसरी बाजू, घटनेचं प्रमाण, समोर येऊच देत नाही. म्हणून दोघांचा संबंध मला असा वाटतो : संवेदनवाद संवेदनेपासून निर्णयापर्यंतची वाट दाखवतो आणि सनसनाटी ती वाट मध्येच तोडते.

चार्वाकांबद्दल. त्यांचं म्हणणं प्रमाणांविषयी, म्हणजे ज्ञान मिळवण्याच्या साधनांविषयी आहे. भरवशाचं प्रमाण प्रत्यक्ष, अनुमानाला आधार देणारी व्याप्ती ('जिथे धूर तिथे आग' असा कायमचा संबंध) कधीच पूर्ण तपासता येत नाही. मनाच्या शक्ती संवेदनेतून कशा घडल्या, हा काँदियाक यांचा प्रश्न त्यांनी हाताळलेला नाही. शिवाय काँदियाक धर्मगुरू होते आणि आत्मा मानत होते. चार्वाकांचं चैतन्य देहापासूनच निपजतं. दोघांना शेजारी बसवा, पण एक म्हणू नका.


साक्षेपी :

तर्कपथिक यांनी पुतळा फार छान समजावला आहे, पण शेवटच्या उडीला माझा आक्षेप आहे. काँदियाक यांची संवेदना म्हणजे वास, रंग, नाद, स्पर्श. सनसनाटी बातमीतून होतो तो क्षोभ : भीती, संताप, किळस. क्षोभ हा कोरा इंद्रियानुभव नाही. 'कोयता गँग' हे शब्द वाचून जो घाबरतो त्याच्याकडे गँग म्हणजे काय, आपलं शहर कोणतं, आपली मुलं रात्री किती वाजता घरी येतात, ही सगळी समज आधीच असते. पुतळ्याला ती बातमी दिली तर त्याला काहीच होणार नाही. म्हणजे सनसनाटी पहिल्या पायरीवर घडत नाही, ती निर्णयाच्या फार पुढे घडते. आधीच तयार असलेले निर्णय ती चाळवते.

माझ्या मते यासाठी आपल्याकडची प्रत्यक्षाची चर्चा जास्त कामाची आहे. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, प्रत्यक्षाची व्याख्या करताना इंद्रिय आणि विषय यांच्या संनिकर्षातून (संपर्कातून) उपजलेलं ज्ञान एवढ्यावर गौतम थांबत नाहीत. ते ज्ञान अव्यभिचारी हवं, म्हणजे वस्तूशी न फसणारं, आणि व्यवसायात्मक हवं, म्हणजे निश्चित. दूरवर उडते ती धूळ आहे की धूर, अशा अवस्थेतलं ज्ञान प्रत्यक्षात मोजायचं नाही. बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नाग तर आणखी कडक. त्यांचं प्रत्यक्ष 'कल्पनापोढ', म्हणजे नाव, जात, गुण अशी कोणतीही योजना न चिकटलेलं. हे निकष टीव्हीच्या पडद्याला लावून बघा. 'तुम्हीच बघा, दृश्यं बोलतात' असं निवेदक म्हणतो तेव्हा तो प्रत्यक्षाचा हवाला देत असतो. पण दृश्याभोवती लाल वर्तुळ आहे, बाण आहे, खाली पट्टी आहे, मागे ढोल आहेत, आणि पट्टीवर 'हाच तो क्षण' असं लिहिलंय. हे सगळं कल्पना या सदरात जातं. प्रेक्षक पट्टीवरचं वाक्य स्वीकारतो आणि ते आपण डोळ्यांनी पाहिलं असं समजतो. सनसनाटीचं खरं बळ मला तिथे दिसतं.


तर्कपथिक :

साक्षेपी, क्षोभ आणि संवेदना यांतला फरक मान्य. माझ्या मांडणीत तो पुसट झाला होता. पण तुलना तुटते हा मुद्दा मी सोडणार नाही, कारण तुमच्या उदाहरणातही पट्टी तेच करते : दुसरा अर्थ सुचायच्या आत पहिला चिकटवते. पानफूल, टिपणात दोन्ही मतं द्या. या प्रश्नावर एकमत दाखवण्याची गरज नाही.


शेवटची_आवृत्ती :

डेस्कच्या, म्हणजे बातम्या संपादित करणाऱ्यांच्या बाजूने. 'खोटी किंवा अतिरंजित' ही गाइडमधली व्याख्या टिकत नाही. सनसनाटी कॉपी (बातमीचा मजकूर) बहुतेक वेळा शब्दशः खरी असते. निवड, क्रम, मथळा, फोटो आणि पुनरावृत्ती यांतून ती तयार होते. एक नमुना देतो. घटना काल्पनिक, पण भाषा रोजच्या पानातली.

पोलिसांची प्रेसनोट : 'मंगळवारी रात्री साडेनऊच्या सुमारास जुन्या आर्थिक वादातून दोघांनी ओळखीच्या तरुणावर कोयत्याने वार केले. जखमीची प्रकृती स्थिर आहे. दोन्ही संशयित ताब्यात.'

छापून येतं ते असं : 'शहरात कोयता गँगचा थरार! भररस्त्यात तरुणावर सपासप वार.' शेवटचं वाक्य ठरलेलं : 'या घटनेने परिसरात एकच खळबळ उडाली आहे.'

आता शब्द उचलून पाहू. 'गँग' : दोन माणसं होती. 'थरार' : हे कोणाचंच विधान नाही, वार्ताहराने वाचकाच्या वतीने घाबरून घेतलंय. 'सपासप' : वार किती, हे नोटमध्ये नाही. 'भररस्त्यात' : रस्त्यावर घडलं असेल तर खरं. 'खळबळ उडाली' : हे कोणी मोजलं? हे वाक्य आधी टाइप होतं आणि मग घटनेला जोडलं जातं.

पण खरं नुकसान जोडलेल्या शब्दांनी कमी आणि गाळलेल्या शब्दांनी जास्त होतं. मथळ्यातून आणि इंट्रोमधून (बातमीच्या सुरुवातीच्या ओळींतून) तीन गोष्टी गेल्या : जुना वाद, ओळखीचे लोक, संशयित ताब्यात. वाचकाने किती घाबरायचं हे ठरवणाऱ्या नेमक्या याच तीन गोष्टी आहेत. त्या गेल्यावर ओळखीतलं भांडण 'कोणावरही, कधीही' असं वाचलं जातं. मजकुरात त्या सहाव्या परिच्छेदात असतीलही, पण मोबाइलवर मथळ्याखाली दोन ओळी दिसतात आणि बहुतेक जण तिथूनच पुढे सरकतात.

आकड्यांचं तंत्र वेगळं. 'डेंग्यूचे रुग्ण दुप्पट' या मथळ्यामागे ४ वरून ८ असू शकतं आणि ४०० वरून ८०० सुद्धा. प्रत्येक 'दुप्पट', 'तिप्पट', 'विक्रमी' शब्दाला चार प्रश्न विचारा. मूळ आकडा किती? कोणता कालावधी कोणत्या कालावधीशी ताडला? (जूनची तुलना सप्टेंबरशी केली तर पावसाळी आजार वाढलेले दिसणारच, ताडायचं तर मागच्या सप्टेंबरशी.) लोकसंख्या किती, म्हणजे लाखामागे किती पडतात? आणि मोजायची पद्धत मध्ये बदलली का? तपासण्या वाढल्या, नोंद सक्तीची झाली, की रुग्ण न वाढताही आकडा वाढतो. गुन्ह्यांच्या आकड्यांत हा शेवटचा प्रश्न कायम विसरला जातो.

टीव्हीत पुनरावृत्ती हे मुख्य हत्यार. समजा हाताशी १२ सेकंदांचं दृश्य आहे. २० मिनिटांच्या चर्चेत ते अर्ध्या खिडकीत सतत लूपवर ठेवलं तर १०० वेळा फिरतं. घटना एकच, पण प्रेक्षकाच्या मनात तिचं वजन शंभर घटनांचं होतं. त्यात 'फाइल फुटेज' हे शब्द नसतील किंवा कोपऱ्यात चार सेकंद येऊन गेले असतील, तर गेल्या वर्षीचा पूर आजचा होतो.

हे सगळं कोणी दुष्टपणे करतं असं नाही. प्रेक्षकसंख्या मोजणारी बार्क ही संस्था देशभरातल्या नमुना घरांत मीटर बसवते. २०२० च्या सुमाराला ही घरं ४० हजारांहून थोडी जास्त होती. वृत्तवाहिन्या बघणारी घरं त्यातला छोटा तुकडा, एका भाषेतल्या एका वाहिनीची त्याहून छोटा. एवढ्या लहान नमुन्यात काही घरं इकडची तिकडे झाली तरी क्रमवारी हलते, म्हणून दर मिनिटाला रिमोटवरचं बोट थांबवणं हाच उद्योग होऊन बसतो. ऑक्टोबर २०२० मध्ये गुणांकनातल्या (टीआरपीतल्या) फेरफारीच्या आरोपांनंतर बार्कने वृत्तवाहिन्यांची साप्ताहिक आकडेवारी थांबवली आणि ती मार्च २०२२ मध्ये परत सुरू झाली. मधल्या काळात आवाज कमी झाला नाही, कारण तोवर यूट्यूबच्या थम्बनेलने तीच शर्यत दुसरीकडे लावली होती.

विश्लेषण असं करा. बातमीची प्रिंट घ्या आणि पेन्सिलने सगळी विशेषणं आणि क्रियाविशेषणं खोडा. मग प्रत्येक विधानासमोर 'कोण म्हणालं' ते लिहा. 'सूत्रांनुसार', 'बोललं जातंय', 'चर्चेला उधाण' अशा जागी शून्य घाला. मथळा झाका आणि उरलेल्या मजकुरावरून स्वतः मथळा लिहा. दोन्ही मथळे शेजारी ठेवा : मूळ मथळ्यात असं काय आहे जे मजकुरात नाही, आणि मजकुरात असं काय आहे जे मथळ्यात नसल्याने अर्थ फिरला? मथळा प्रश्नार्थक असेल तर मजकुरात त्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' किंवा 'माहीत नाही' येतं का ते पाहा. शेवटी तीच घटना दुसऱ्या दोन वृत्तपत्रांत कोणत्या पानावर, किती कॉलममध्ये आहे ते नोंदवा. एवढं केलंत तर 'मला वाटतं' हे शब्द लिहायची वेळ येणार नाही.


जुनी_कात्रणं :

वरची पद्धत उपयोगी आहे, पण विशेषणं खोडून सगळं हाती लागत नाही. मोठी प्रकरणं विशेषणांवर चालत नाहीत, ती कथानकावर चालतात. मुंबईतलं नानावटी प्रकरण घ्या. ते टिपणात असायलाच हवं.

२७ एप्रिल १९५९. नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा नावाच्या व्यापाऱ्याशी पत्नीचे संबंध असल्याचं तिच्याच तोंडून ऐकलं आणि त्या दुपारी आहुजांच्या घरी जाऊन तीन गोळ्या झाडल्या. मग स्वतः पोलिसांकडे हजर झाले. रूसी करंजिया यांच्या 'ब्लिट्झ' या इंग्रजी साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे लावून धरली. एका बाजूला देशसेवा करणारा, फसवला गेलेला अधिकारी, दुसऱ्या बाजूला पैसेवाला रंगेल व्यापारी. हे कथानक एकदा बसल्यावर भडक शब्दांची गरज उरली नाही. रस्त्यावर 'आहुजा टॉवेल' आणि खेळण्यातलं 'नानावटी रिव्हॉल्व्हर' विकलं जाऊ लागलं.

कायद्यापुढे प्रश्न एकच होता : अचानक आणि गंभीर चिथावणीच्या भरात घडलं, की ठरवून? त्याचं उत्तर साध्या तपशिलांत होतं. नानावटी दीडच्या सुमाराला घरून निघाले. पत्नी आणि मुलांना सिनेमाला सोडलं. जहाजावर गेले, रात्री एकट्याने गाडी हाकत अहमदनगरला जायचंय असं खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. आहुजांच्या कार्यालयात गेले, ते तिथे नव्हते, मग घरी. गोळ्या सुटल्या चार वाजून वीस मिनिटांनी. सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ च्या निकालात या जवळपास तीन तासांवरच बोट ठेवलं : भान परत यायला एवढा वेळ पुरेसा होता.

आता टॉवेलकडे पाहा. आहुजा नुकतेच अंघोळ करून बाहेर आले होते, अंगावर फक्त टॉवेल होता. बचाव पक्ष म्हणत होता की झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या. सरकारी पक्षाचं उत्तर असं की झटापट झाली असती तर टॉवेल सुटून पडला असता, तो तर कमरेला तसाच होता. म्हणजे न्यायालयात टॉवेल हा झटापटीच्या कहाणीविरुद्धचा पुरावा होता. बाहेर मात्र तोच टॉवेल गंमतीची वस्तू झाला आणि त्यावरून जो निष्कर्ष निघायचा तो कोणाच्या लक्षात उरला नाही. तर्कपथिक म्हणतात ती तुटलेली तुलना मला इथे दिसते. झटापटीचा दावा आणि न सुटलेला टॉवेल एकमेकांशेजारी ठेवले तरच त्यातून काही कळतं.

दोन सावधगिऱ्या. ज्युरीने (खटल्याचा कौल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने) ८ विरुद्ध १ मतांनी 'दोषी नाही' म्हटलं हे खरं, पण 'ब्लिट्झने ज्युरी फिरवली' असं छातीठोक लिहू नका. सत्र न्यायाधीशांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, आणि तिथे चर्चा झाली ती ज्युरीला कायदा समजावताना राहिलेल्या चुकांची आणि पुराव्याची. दुसरं, 'भारतातला शेवटचा ज्युरी खटला' हे वाक्य या प्रकरणाला जिथे तिथे चिकटवलेलं असतं. ते बरोबर नाही, नंतरही काही ठिकाणी ज्युरी चालू होती.

तशीच गोष्ट अमेरिकेची. पीतपत्रकारिता (खपासाठी भडक बातम्या छापणारी पत्रकारिता) म्हटलं की न्यूयॉर्कचे वृत्तपत्रमालक पुलित्झर विरुद्ध हर्स्ट, आणि स्पेन-अमेरिका युद्धाआधीची 'तुम्ही चित्रं पाठवा, युद्ध मी पुरवतो' ही हर्स्ट यांची तार सगळे सांगतात. त्या तारेचा पुरावा आजवर मिळालेला नाही आणि अभ्यासकांना ती दंतकथा वाटते. लिहायचंच तर पक्कं आहे ते लिहा : 'मेन' ही अमेरिकी युद्धनौका १५ फेब्रुवारी १८९८ ला हवानाच्या बंदरात स्फोटाने बुडाली, कारण कळायच्या आत हर्स्ट यांच्या 'न्यूयॉर्क जर्नल'ने ते शत्रूचं कृत्य ठरवलं आणि गुन्हेगार शोधून देणाऱ्याला ५० हजार डॉलरचं बक्षीस लावलं. अमेरिकी नौदलाच्या ॲडमिरल रिकओव्हर यांच्या १९७६ च्या अभ्यासाने कोळशाच्या कोठारातल्या आगीकडे, म्हणजे आतल्या कारणाकडे बोट दाखवलं.

आणि उलट बाजूचं एक उदाहरण द्याच. १८८५ च्या जुलैमध्ये लंडनच्या 'पॉल मॉल गॅझेट'मध्ये संपादक स्टेड यांनी अल्पवयीन मुलींच्या खरेदी-विक्रीवर लेखमाला छापली. मथळे अंगावर येणारे होते. पण पुढच्याच महिन्यात संमतीवय १३ वरून १६ करणारा कायदा झाला, जो संसदेत कित्येक दिवस रखडला होता. मात्र व्यवहार किती सोपा आहे हे दाखवण्यासाठी स्टेड यांनी स्वतःच एक मुलगी 'विकत' घेतली होती. तिच्या वडिलांची परवानगी घेतली नव्हती, म्हणून स्टेड यांना तीन महिने तुरुंगवास झाला. आवाज चढवला म्हणून माझं त्यांच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते पुरावा स्वतः घडवण्याशी, आणि त्यासाठी एका खऱ्या मुलीचा वापर करण्याशी.


पानफूल :

सगळ्यांचे मनापासून आभार. नानावटी प्रकरण घेते. अजून दोन गोष्टी. सनसनाटीमुळे नुकसान होतं याला मोजलेला पुरावा आहे का, की ते नैतिक मतच आहे? आणि वाचकाला तक्रार करायची तर कुठे?


जनआरोग्य :

पुराव्याचं उत्तर मी देतो. सगळ्यात भक्कम पुरावा आत्महत्यांच्या वार्तांकनाचा आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये दाखवलं की पहिल्या पानावर आत्महत्येची बातमी ठळक आली की त्यानंतर आत्महत्यांचे आकडे अपेक्षेपेक्षा वाढतात, आणि प्रसिद्धी जितकी जास्त तितकी वाढ जास्त.

त्याहून बोलका आहे व्हिएन्नाचा अनुभव. तिथल्या भुयारी रेल्वेत १९८४ पासून आत्महत्या वाढत गेल्या आणि वृत्तपत्रं त्या रंगवून छापत होती. १९८७ च्या मध्यावर तिथल्या तज्ज्ञांनी पत्रकारांसाठी सूचना काढल्या आणि वृत्तपत्रांनी त्या पाळल्या. त्याच वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत रेल्वेतल्या आत्महत्या आणि प्रयत्न तीन चतुर्थांशांहून जास्त घटले. स्थानकं तीच, गाड्या त्याच, बदललं ते वार्तांकन. पुढे ऑस्ट्रियातच २०१० मध्ये झालेल्या अभ्यासात असंही दिसलं की संकटातून बाहेर पडलेल्या माणसांच्या बातम्यांनंतर आत्महत्या घटल्याचं आढळतं. म्हणजे गप्प बसणं हा एकच उपाय नाही, कसं सांगता यावर सगळं आहे.

आपल्याकडे भारतीय प्रेस परिषदेने सप्टेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या धर्तीवर सूचना स्वीकारल्या : बातमी ठळक जागी नको आणि पुन्हा पुन्हा नको, पद्धतीचं वर्णन नको, ठिकाणाचा तपशील नको, भडक मथळा नको, फोटो, चित्रफिती आणि समाजमाध्यमांचे दुवे नकोत. सोबत मदतीचा क्रमांक द्यावा. आज तो टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ आहे. विश्लेषणाला आत्महत्येची बातमी निवडणार असाल तर या सूचना एकेक करून ताडा, पण तुमच्या टिपणातही पद्धत आणि नाव लिहू नका.


कलम_आणि_कायदा :

तक्रारीचं सांगतो. पहिली गोष्ट, 'बातमी भडक आहे' एवढी तक्रार कुठेच टिकत नाही. कोणत्या नियमाचा भंग झाला ते दाखवावं लागतं.

छापील वृत्तपत्र असेल तर आधी संपादकाला लेखी कळवा आणि त्या पत्राची प्रत ठेवा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर प्रेस परिषदेकडे जा. दैनिक आणि साप्ताहिकासाठी मुदत प्रकाशनापासून दोन महिने, इतर नियतकालिकांसाठी चार महिने. कात्रण, मराठी मजकुराचा इंग्रजी अनुवाद, संपादकाशी झालेला पत्रव्यवहार, आणि याच विषयावर न्यायालयात प्रकरण चालू नाही असं घोषणापत्र जोडायचं. तक्रारी फेटाळल्या जातात त्या बहुतेक संपादकाला आधी न लिहिल्यामुळे किंवा मुदत उलटल्यामुळे. मथळा भडक नसावा आणि खालच्या मजकुराला धरून असावा असं परिषदेच्या आचारसंहितेतच आहे, तेव्हा शेवटची_आवृत्ती यांनी सांगितलेले दोन मथळे शेजारी लावून पाठवलेत तर मुद्दा एका नजरेत दिसतो. परिषद १९७८ च्या कायद्याने ताकीद देऊ शकते, ठपका ठेवू शकते. दंड करू शकत नाही.

वाहिनी असेल तर प्रेस परिषदेचा अधिकार चालत नाही. तिथे केबल टेलिव्हिजन नियम १९९४ मधला नियम ६ पाहायचा. त्याच्या ६(१)(ड) मध्ये खोट्या, सूचक कुजबुजीबरोबर अर्धसत्याचाही उल्लेख आहे. शब्द खरे पण महत्त्वाचं गाळलेलं, अशा बातमीला हेच कलम लावायचं. दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर याच नियमात वेगळं बंधन आहे, नेमलेल्या अधिकाऱ्याच्या निवेदनापुरतंच. २६/११ च्या वेळी वाहिन्यांनी कारवाई थेट दाखवली आणि हल्लेखोरांच्या सूत्रधारांना ती बघता आली, यावर सर्वोच्च न्यायालयाने कसाब प्रकरणाच्या २०१२ च्या निकालात कडक ताशेरे मारले होते.

२०२१ च्या सुधारणेनुसार तक्रार आधी वाहिनीकडे करायची. पोच २४ तासांत, निर्णय १५ दिवसांत. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत ती वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची (वाहिन्यांनीच स्वतःवर नजर ठेवायला उभारलेल्या संस्थेची) सदस्य असेल तिच्याकडे अपील, तिला ६० दिवस. त्याच्यावर केंद्र सरकारची देखरेख यंत्रणा. वृत्तवाहिन्यांच्या जुन्या स्वनियमन संस्थेची दंडाची कमाल मर्यादा १ लाख रुपये होती आणि एवढा दंड मोठ्या वाहिनीला कसा पुरणार, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये विचारलं. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२१ च्या निकालातून वर गेलं होतं. माध्यमखटला (न्यायालयाआधी माध्यमांनीच एखाद्याला दोषी ठरवणं) आणि तपास चालू असतानाचं वार्तांकन यावर मराठी विद्यार्थ्याने वाचावं असं काही असेल तर तो निकाल.

तक्रार लिहिताना तारीख, कार्यक्रमाचं नाव आणि दृश्य किंवा पट्टी दिसली ती वेळ मिनिट-सेकंदासह द्या, आणि निवेदकाचं वाक्य जसंच्या तसं उतरवा. चित्रफीत लगेच उतरवून ठेवा. संकेतस्थळावरचा मथळा असेल तर वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, कारण तो मथळा तासाभरात मूकपणे बदलला जातो आणि मग तुमच्या हाती काही उरत नाही.